पुस्तक मिटून सांग

अभ्यास कसा करायचा हे मला बाबांनी शिकवलं. त्याच्या बदल्यात मी जे केलं ते आठवलं की अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बाबांच्या सरकारी नोकरीमुळे लखनौत आलेले, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारे. आईबाबा घरात मराठी बोलायचे आणि मी हिंदीत उत्तरं द्यायचे. शाळेत हिंदी, सब्जीवाल्या भैयाशी हिंदी, मग घरी आल्यावर जीभ कोण वळवणार? मराठी कळायची सगळी, बोलायचा आळस.

बीएस्सीला ॲडमिशन घेतली आणि पहिल्याच महिन्यात माझी पार दाणादाण उडाली. पुस्तकं इंग्रजीत, सर शिकवणार हिंदीत, आणि माझ्या डोक्यात दोन्हीपैकी काहीच नाही. पानंच्या पानं पाठ करायचे, सकाळी उठले की सगळं साफ! एका संध्याकाळी घरातली बुद्धवंदना झाली आणि मी तिथेच चटईवर बसून हुंदके द्यायला लागले. बाबा समोर येऊन बसले.

"रडून काय होते? आज काय शिकली ते मले सांग. पुस्तक मिटून सांग. अन् मराठीत सांग, मले इंग्रजी नाही येत."

तेव्हापासून रोजचं ठरलं. सातला वंदना, मग चहा, मग तासभर बाबा मांडी घालून समोर. इंग्रजीत वाचलेलं, हिंदीत ऐकलेलं, मला मराठीत सांगायचं असायचं. अहो, घाम फुटायचा! इंग्रजी शब्द तोंडावर फेकून सुटका नाही. तो शब्द म्हणजे नक्की काय होतंय, हे फोडून सांगावं लागायचं. निम्म्या वेळा सांगायला लागल्यावरच कळायचं की आपल्याला समजलेलंच नाहीये. एकदा मी रासायनिक समतोल सांगत होते. क्रिया दोन्हीकडून सारख्याच वेगानं चालू असते, म्हणून बाहेरून थांबल्यासारखी दिसते.

"थांबल्यासारखी दिसते ना? मग आतून चालू आहे हे तुले कोणी सांगितलं?"

"पुस्तकात लिहिलंय."

"अन् पुस्तकाले कोणी सांगितलं?"

आता आली का पंचाईत! दुसऱ्या दिवशी लायब्ररीत बसून उत्तर शोधलं, संध्याकाळी त्यांना सांगितलं, आणि परीक्षेत तोच प्रश्न आला. मी दोन पानं भरून आले.

स्वतःला पटल्याशिवाय बाबा मान हलवायचे नाहीत. तीन-तीनदा सांगायला लावायचे. "बाबा, किती डोकं खाता!" मी ओरडायचे. "खाऊ दे, तुझ्यापाशी जास्त आहे," म्हणून हसायचे. पहिल्या वर्षाला मी वर्गात तिसरी आले आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

दुसऱ्या वर्षाची पुस्तकं आणली तेव्हा बाबांनी त्यांना कव्हरं घातली. एकेक पुस्तक किती वेळ हातात धरून बसले होते. मला वैताग आला. मला टाइमटेबल बनवायचं होतं. तोपर्यंत मी मोबाइलवर अभ्यासाचे व्हिडिओ बघायला लागले होते. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं ब्रेक, चार रंगांचे मार्कर, भिंतीवर तक्ता. त्या तक्त्यात बाबांचा तास कुठेच बसेना.

तरी दोन आठवडे बसले त्यांच्यासमोर, तोंड वाकडं करून. मग एका संध्याकाळी त्यांनी एकच गोष्ट चौथ्यांदा विचारली आणि माझं टाळकं सटकलं.

"पापा, आपको कुछ समझ में आता भी है? रोज़ मेरा एक घंटा वेस्ट होता है!"

हिंदीत बोलले मी. बाबा न म्हणता पापा म्हणाले, बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं. आई दारातच होती. बाबा उठताना म्हणाले, "बरोबर आहे बेटा. टाइम नाही गेला पाहिजे."

आणि ते खरंच पाळलं त्यांनी. रागावले असते, अबोला धरला असता तर बरं झालं असतं, मी भांडून मोकळी झाले असते. पण नाही. सातची वंदना झाली की चपला घालून पार्कात जायचे, आठशिवाय परत नाहीत. टीव्हीचा आवाज बंद. मी अभ्यासाला बसायच्या आत कुकरच्या शिट्ट्या उरकायच्या, असं आईला सांगून ठेवलेलं. मी आपली दार लावून पिवळ्या मार्करनं ओळी रंगवत होते. पुस्तक रंगीत झालं, डोकं कोरंच राहिलं. सेमिस्टरचा निकाल आला. केमिस्ट्रीत बॅक, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, मराठीतच म्हणाले, "आई, बाबांना सांग ना परत बसायला. मला एकटीला नाही जमत."

आई शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तुझं कॉलेज होतं ते. अन् त्यांचंही होतं."

"त्यांचं कसं?"

"बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाले होते ते. घरी खायचे वांधे. नोकरीचा कागद आला अन् कॉलेज सोडून इथं आले. तू ॲडमिशन घेतली त्या दिवशी मले म्हणाले, पोरीसंग माझंही होऊन जाईल. दुसऱ्या वर्षाची तर किती वाट पाहत होते! तुले सांगू नको म्हणाले, पोरीले ओझं वाटंल."

प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या शिक्षणापुढे मी 'इंटर', म्हणजे बारावी, लिहीत आले होते, कधी विचारलंसुद्धा नव्हतं. इंग्रजी येत नाही म्हणाले, ते मला मराठीत बोलतं करायला. आणि अशा माणसाला मी विचारलं होतं, तुम्हाला काही समजतं तरी का!

संध्याकाळी त्यांच्या चपला मी लपवूनच ठेवल्या. "बाबा, बसा. मागचं सगळं पहिल्यापासून सांगते." बसले बिचारे. मी सांगायला लागले, घाईघाईनं, रडू गिळत. पहिल्याच वाक्याला ते म्हणाले, "समजलं." दुसऱ्याला म्हणाले, "समजलं." एकदा घड्याळाकडे बघितलं त्यांनी. मला राहवलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "मग आता तुम्ही मला सांगा."

बाबांनी मिटलेलं पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"मधलं सुटलं बेटा. आता धागा नाही लागत." आणि लगेच, माझं तोंड बघून, "तुझा बॅक पेपर आहे. माझ्यापायी कायले अडकतं? जा, वाच."

मी त्यांचा हात धरून म्हणाले, माझं चुकलं, बाबा, खूप चुकलं. "येडी आहे का? मी नाराज नाही," म्हणाले, आणि खरंच नव्हते. उठून चपला शोधायला लागले. मलाच काढून द्याव्या लागल्या.

पुढे रोज संध्याकाळी मी दार लावून भिंतीला मराठीत शिकवलं. भिंतीच्या वतीनं शंकाही मीच काढल्या. बॅक निघाला. मी बीएस्सी झाले. बाबा दुसऱ्यांदा दुसऱ्या वर्षातच राहिले.