बावीस यार्ड सोडून अळसांदे

१८ नोव्हेंबर २०२३. रुपये १,३२० फक्त. एवढ्या रकमेचे बारा किलो अळसांदे, म्हणजे आमची गोव्याची चवळी, देवकीवहिनींनी मी चिटणीस असलेल्या सोसायटीच्या दुकानातून बियाण्यासाठी नेले आणि लाटंबार्से गावातला क्रिकेटचा मोसम धोक्यात आला.

भातकापणी झाली की वहिनींचं शेत क्लबचं मैदान होई. अकरा वर्षांची वहिवाट. रोलर फिरून फिरून जमीन अशी घट्ट झाली होती की फाळ बोटभरच शिरे आणि पाऊस वरच्या वर निघून जाई. भात दरवर्षी कमी. वहिनी शाळेत माध्यान्ह आहार शिजवतात. शंभर पोरांना वाढायचं आणि आपल्या घरचा तांदूळ विकत आणायचा, हे त्यांना पटेना. शेती खात्याच्या एका बैठकीतून त्यांनी एवढंच उचललं होतं: जमीन उघडी टाकायची नाही, तिच्यावर हिरवं पांघरायचं आणि शेवटी तेच तिच्या पोटात गाडायचं.

क्लबचा कप्तान सिद्धेश दारात आला.

"काकी, मैदान मोडलंत."

"जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यार शेत लिवलेला आसा. मैदान खय दिसता तर दाखय."

"जानेवारीत टुर्नामेंट आसा. मी रोलर आणतंय."

"आण. माझ्या हातचो भात खाऊन मोठो झालंस, बघूया माझ्याच पेरणीर फिरवतंस काय."

सिद्धेशने चपला पायात सरकवल्या.

"खेळू नका खय म्हटलंय? मधली बावीस यार्ड सोडलंय तुमका. वेलात बॉल गेलो तर रन नाय. ज्येना मारलो, त्येनाच आणूचो. अनवाणी. माझो एक वेल चिरडलो तर बघ."

अट सोपी वाटली. जानेवारीपर्यंत वेल गुडघ्याला लागले. सामन्यांच्या सकाळी वहिनी चहाची किटली घेऊन आल्या आणि सर्वांना ऐकू जाईल इतपतच म्हणाल्या, "साप मी काय बघूक नाय. बेडूक मात्र औंदा मस्त झालेत."

धावफलक माझ्याकडे होता. पहिल्या सामन्यात सहा षटकांत सात धावा झाल्या. डिचोलीच्या कारखान्यातला कोल्हापूरचा विनायक खास षटकारांसाठी आणला होता. त्याने एक उंच चेंडू मारला, तो कुठे पडला ते पाहिलं आणि पाय मुरगळल्याचं सांगून घरी गेला. कारण त्यानेच मला लिहून घ्यायला लावलं. अंतिम सामना नऊ विरुद्ध आठ असा संपला. वेल जसेच्या तसे राहिले.

फेब्रुवारीत वहिनींनी शेंगा तोडल्या, बियाणं बाजूला ठेवलं आणि वेल नांगरून गाडले. जूनमध्ये फाळ वीतभर गेला. पावसाचं पाणी बांधावरून पळण्याऐवजी जिरू लागलं. युरिया एक पोतं कमी लागला आणि भात तीन पोती जास्त झाला. युरियाच्या विक्रीतली घट मी वार्षिक अहवालात 'इतर कारणे' या सदरात दाखवली.

त्या नोव्हेंबरात सिद्धेश पुन्हा आला. या वेळी हातात रिकामी पिशवी.

"काकी, बी मिळात? बापाशीच्या भाताच्या कुणग्यात पेरूचा आसा."

"बॉल शोधूक कोण जातलो?"

"पुरे आता, काकी."

दहा किलो नेले तर पीक आल्यावर पंधरा परत, असं ठरलं. तेरा आले. दोन किलो यायचे आहेत.