एका खिळ्यावरचे दोन कोट

माझी थोरली मावशी आमच्या बोळात झोपायची. बोळ म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधली चिंचोळी जागा. तिथं एक खाट मावायची, खाटेवर मावशी मावायची, आणि मग न्हाणीघराचं दार उघडायला जागा उरायची नाही. कुणी कडीला हात लावला की मावशी झोपेतच पाय पोटाशी घ्यायची, दार उघडायचं, आणि माणूस आत गेलं की पाय परत लांब व्हायचे. काका गेल्यावर ती ‘चार दिवस’ म्हणून आली, तेव्हा मी शाळेत होते. आता माझेच केस पांढरे व्हायला लागलेत.

इतक्या वर्षांत तिनं कशाचा हट्ट धरलेला मला आठवत नाही. त्या वर्षी मात्र तिला एक गोष्ट हवी होती आणि ती तिनं बोलून दाखवली होती. ती ज्या इस्पितळात कामाला होती, तिथल्या नर्सांच्या वसतिगृहाच्या किल्ल्या सांभाळणारी बाई काम सोडणार होती आणि तिच्या जागी मावशीचं नाव लागलं होतं. त्या कामाबरोबर तळमजल्यावर एक खोली मिळायची. मावशी ती खोली बघून आली आणि आईला म्हणाली, “दार आतून लागतं गं.” खिडकी केवढी, उजेड कसा, पाणी कुठून आणायचं, आईनं सगळं विचारलं, मावशीला एकाचंही उत्तर देता येईना. तिनं नुसतं दार बघितलं होतं.

तोवर ती इस्पितळाच्या धुलाईघरात होती. तिथं ओल्या चादरी गरम रोलरमधून पलीकडे येतात आणि पलीकडे दोन बायका त्यांची वाट बघत उभ्या असतात. दोघींनी दोन-दोन कोपरे पकडायचे, ताणायचं, एकमेकींकडे चालत यायचं, कोपरे जुळवायचे, मागं जायचं, पुन्हा यायचं. मावशीच्या जोडीला जी होती तिला सगळे चिमणी म्हणत. अंगानं एवढीशी आणि तोंड दिवसभर चालू. आमची मावशी उंच, हाडापेरानं रुंद, आणि तिच्या तोंडून शब्द काढायचा तर विहिरीतून पाणी काढण्याची मेहनत. दोघींचं जमलं कसं हे कोडंच होतं. पण त्या दोघींचे हात एकमेकींना दिवसातून जितक्या वेळा लागायचे तितक्या वेळा माझ्या आईबापांचे वर्षात लागत नसतील.

इस्पितळानं सगळ्यांना राखाडी कोट दिले होते. एकच रंग, एकच माप. मावशीला आखूड व्हायचा आणि चिमणीला पायघोळ. भिंतीवर खिळे कमी, म्हणून एका खिळ्यावर दोन कोट. आणि जोडीच्या बायकांची रीत अशी की सुटताना जिचा हात आधी पोचेल तिनं वरचा कोट घ्यायचा. आपला कुठला, तिचा कुठला, हे बघायचं नाही. रुमाल, कंगवा, डोकं दुखल्यावरची गोळी, रेल्वेचा पास, सगळं त्या खिशांतच असायचं. मावशीच्या खिशात चिमणीचा पास आणि चिमणीच्या खिशात मावशीचा, असं आठवड्यातून कितीदा व्हायचं देव जाणे. पण दोघी एकाच स्टेशनात चढायच्या, एकाच स्टेशनात उतरायच्या, शेजारी शेजारी बसायच्या. दोन बायका, दोन पास. स्टेशनातल्या फाटकाला पास टेकवला की ते उघडतं, त्याला तोंड ओळखता येत नाही. यात काही चुकतंय हे दोघींच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

चिमणीला एक मुलगी होती, माझ्याहून बरीच लहान. तिच्या डोक्यावर परिणाम झालेला. शेवटच्या स्टेशनाजवळ मनोरुग्णांचं इस्पितळ आहे, तिथं तिला ठेवलं होतं. भेटायची वेळ कामाच्या दिवशी भर दुपारची. ज्या शहाण्यानं ती ठरवली त्याला कुणाला भेटायला जायचं नसणार. डॉक्टर म्हणायचे, घर असेल आणि दिवसभर कुणी जवळ असेल तर घेऊन जा. चिमणी कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा एक कोपरा भाड्यानं घेऊन राहायची. तिथं ती स्वतःच पाहुण्यासारखी, मुलीला कुठं नेणार? मग ती दुपारी मागच्या दारानं सटकायची, आणि मावशी चादरीचं एक टोक टेबलाच्या कडेला चिमट्यात अडकवून दोन बायकांचं काम एकटी ओढायची. चिमणी एकदा सापडली होती आणि तिला ताकीद मिळाली होती. पुन्हा सापडली तर तिनं घरी बसायचं होतं.

त्या दिवशीही ती दुपारी गेली आणि घाईत वरचा कोट उचलून गेली. तो मावशीचा होता. संध्याकाळी मावशीनं खिळ्यावर उरलेला कोट घातला, खिशातला पास फाटकाला टेकवला आणि गाडीत एकटीच बसली. तपासनीस आला. त्यानं पासावरचा फोटो बघितला, मावशीकडे बघितलं, आणि ही बाई कोण म्हणून विचारलं.

“माझी जोडीदारीण,” मावशी म्हणाली.

तिच्या मते हे उत्तर पुरेसं होतं. तपासनिसाच्या मते तो कबुलीजबाब होता. त्यानं नाव-पत्ता लिहून घेतला, चिमणीचा पास ठेवून घेतला, आणि थोड्याच दिवसांत रेल्वे कंपनीची नोटीस आली. दुसऱ्याच्या पासावर प्रवास करून भाडं चुकवण्याचा हेतू दिसतो. काय म्हणणं असेल ते लेखी कळवा, नाहीतर प्रकरण कोर्टात जाईल.

मी एका विमा कंपनीत नोटिसाच लिहिते. समोरच्याला घाम कसा फोडायचा हे मला पगार देऊन शिकवलंय. त्यामुळे ती नोटीस वाचताना मला भीती वाटली नाही, राग आला. कारण लिहिणाऱ्याचं काम चोख होतं. बाबा म्हणाले, दंड भरा आणि मोकळे व्हा, एवढं काय त्यात. पण दंड भरायचा म्हणजे गुन्हा कबूल करायचा, आणि वसतिगृहाच्या किल्ल्या हातात घेण्याआधी मावशीला लिहून द्यायचं होतं की आपल्या नावावर लबाडीचा ठपका नाही. किल्ल्या द्यायच्या त्या बाईचे हात स्वच्छ हवेत, हे इस्पितळाचं म्हणणं तसं चूकही नव्हतं.

मी उत्तर लिहायला बसले. मावशी समोर बसली आणि तिनं एकच अट घातली, दुपारचं काही लिहायचं नाही. मग मी लिहिलं की कोटांची अदलाबदल झाली, मावशीचा स्वतःचा पास त्याच मार्गाचा आणि मुदतीतला आहे, यात कंपनीचं काडीचंही नुकसान नाही. सगळं खरं होतं, फक्त अर्धं होतं.

कंपनीचं दुसरं पत्र आलं. मावशीचा पास त्याच दुपारी फाटकातून गेला होता, असं त्यांच्या यंत्रात दिसत होतं, आणि तोही उलट्या दिशेला, पार शेवटच्या स्टेशनाकडे. तेव्हा तो कोण वापरत होतं? कोट खरंच चुकून बदलले असतील तर त्या दुसऱ्या बाईनं आपण त्या वेळी कुठं होतो आणि का, हे सहीनिशी लिहून द्यावं. तसं लिहून आलं तर प्रकरण मिटवू. नाहीतर दोघींनी संगनमतानं पास फिरवले असं धरलं जाईल.

म्हणजे चिमणीची एक सही मिळाली की मावशीला खोली मिळणार होती. आणि ती सही झाली की चिमणीची नोकरी जाणार होती, कारण कंपनी शहानिशा करायला धुलाईघरातच जाणार. मी मावशीला म्हटलं, तू मागू नकोस, मी मागते. मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की मी कागद मिटून ठेवले.

मागावं लागलंच नाही. रविवारी चिमणी आपण होऊन आली. घरात येताना ती एरवी जिन्यापासून बोलत यायची. त्या दिवशी दार वाजवून उभी राहिली. आईनं चहा ठेवला. चिमणी खाटेच्या कडेला मावशीशेजारी बसली, कपाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मी सही करते.”

“आणि पोरीला भेटायला काय खाऊन जाशील?” मावशी म्हणाली. “नको.”

चिमणीनं मान खाली घातली. मी तिच्याकडे बघत होते, आईही बघत होती. आता ती पुन्हा म्हणेल, हट्ट करेल, निदान रडेल. तिनं चहा संपवला, कप धुऊन पालथा ठेवला आणि निघाली. मावशी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेली आणि परत येऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चिमणीला नको नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी तिनं मला कागद घ्यायला सांगितलं. आयुष्यभर मी मैलभर लांबीची पत्रं लिहीत आले. ते माझं सगळ्यात छोटं पत्र. आरोप मान्य आहे, चूक माझी एकटीची, दंड भरते. खाली मावशीनं सही केली. ती सही करताना जीभ दातांत धरते, शाळेतल्या मुलीसारखी. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

कंपनीनं प्रकरण मिटवलं. इस्पितळानं मावशीला बोलावून, खुर्ची देऊन, खूप वाईट वाटतंय असं सांगितलं आणि नाव कापलं. जागा तिच्या पाठोपाठ नोकरीला लागलेल्या बाईला गेली. ती चिमणी होती.

हे मला आईकडून कळलं. मावशी तर घरात अशी वावरत होती की जणू काही घडलंच नाही. मी मात्र एका दुपारी कचेरीतून सुट्टी काढून वसतिगृहात गेले. तोंडावर काय काय बोलायचं ते वाटेत घोकत गेले. तळमजल्यावरच्या त्या खोलीचं दार एका मुलीनं उघडलं. पांढुरकी, सुजल्यासारखी, केस नुकतेच कुणीतरी नीट विंचरून दिलेले. तिनं मला बघितलं आणि घाबरून दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. दार खरंच आतून लागत होतं.

मग चिमणी व्हरांड्यातून किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली. मला बघून तिथंच थांबली. घोकलेलं सगळं माझ्या तोंडाशी होतं, पण तीच आधी बोलली.

“तिनंच सांगितलं, घे म्हणून,” चिमणी म्हणाली. “मी नको म्हणत होते. तर म्हणाली, घेतली नाहीस तर तोंड बघणार नाही तुझं. घेतली. आता समोरून गेले तरी बोलत नाही. तू विचारशील का गं तिला, माझं काय चुकलं?”

मी विचारते म्हटलं आणि निघाले. धुलाईघराची खिडकी वाटेतच आहे. आत मावशी एका नव्या, तरण्या बाईबरोबर चादरी दुमडत होती. कोपरे जुळत नव्हते. मावशी दर वेळी ते सोडून पुन्हा जुळवत होती.

संध्याकाळी ती घरी आली, कोट काढून खाटेच्या पायथ्याशी टाकला आणि बसली. मी तिच्याजवळ गेले. चिमणी काय म्हणाली ते सांगितलं. मुलगी घरी आलीय हेही सांगितलं. मावशीनं ऐकलं, बरं झालं म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. मग मी विचारलं, तर बोलत का नाहीस तिच्याशी?

ती गुडघे चोळायला लागली.

“तोंड उघडलं की एकच निघेल,” ती म्हणाली. “‘सही करते’ असं एकदाच का म्हणालीस, एवढंच. मग तिनं काय उत्तर द्यायचं?”

बाबा टॉवेल खांद्यावर टाकून बोळात आले आणि त्यांनी न्हाणीघराच्या कडीला हात लावला. मावशी बसली होती, खाली लोंबणारे तिचे पाय दाराच्या आड येतही नव्हते. तरी तिनं ते वर घेतले आणि पोटाशी धरले.