कामाची ॲलर्जी

गाडीला रंग मारण्याआधी मौलाभाई जमिनीवर पाणी शिंपडायचे, रुमाल ओला करून तोंडाला बांधायचे आणि शटर आतून ओढून घ्यायचे. ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला तरी त्यांचा चेहरा उतरायचा. "दाणा बसला की गाडी आजारी दिसती, मालक," म्हणायचे. सोलापुरात धूळ अडवणार तरी कुठून? पण त्यांच्या हातच्या बॉनेटमध्ये बघून मी भांग पाडलेला आहे.

होटगी रस्त्यावरचं ते डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज माझं. गाड्या यायच्या त्या मौलाभाईंच्या नावावर. रंग सुकेपर्यंत ते मला समोर बसवून अर्ध्या मराठीत, अर्ध्या दखनीत सासुरवाडीचे किस्से सांगायचे आणि मधेच गुळाचा खडा तोंडात टाकायचे. गुळानं छातीतला रंग उतरतो, हा रंगाऱ्यांचा पक्का समज. माझाही होता. गूळ मीच आणून ठेवायचो.

मग खोकला लागला. गंमत अशी, की ईदला गावी अक्कलकोटला जाऊन आले की छाती मोकळी, आणि कामावर आल्या दिवशी पुन्हा घरघर. "मला कामाचीच ॲलर्जी हाय की हो," ते हसायचे. मीही म्हणायचो, हा कामचुकार माणसाचा खोकला.

डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं आणि जवळजवळ तेच सांगितलं, फक्त न हसता. रंगात मिसळायच्या हार्डनरनं दमा धरलाय. हे काम सोडा. तोवर निदान बाहेरची हवा पुरवणारा मास्क वापरा आणि आतली हवा ओढून काढणारा पंखा बसवा.

मास्कचं बघू म्हणालो. पंखा बसवला. तो फिरला की शटरखालून रस्त्याची धूळ आत यायची. दाणे बसले म्हणून दोन गाड्या परत आल्या. तिसऱ्या गाडीच्या आधी मी पंखा बंद केला आणि त्याच्या भोकावर पुठ्ठा ठोकला. मौलाभाईंनी पुठ्ठा बघितला. मग रुमाल ओला करायला गेले.

कुणी विचारलं तर मी सांगत आलो, की पंखा त्यांनाच नको होता. बायकोलाही हेच सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. शेवटी एवढ्या बोलक्या माणसाला अर्ध्या वाक्यात थांबावं लागायचं. आता शटरला खालून रबरी पट्टी आहे, पंखा फिरतो, नवा रंगारी मास्क लावून काम करतो. सगळं जमण्यासारखं होतं.

परवा शुक्रवार पेठेत त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या पत्नीला, शमीमभाभींना, पुठ्ठ्याचं सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मालूम हाय," त्या म्हणाल्या. "मी लई सांगायचे, मालकाला बोला की. तर म्हणायचे, बोललं की मालक गप्प बसतात. अन् ते गप्प बसले की माझा दिवस जात न्हाय."

हल्ली सकाळी नव्या रंगाऱ्याला मी विचारतो, छाती कशी आहे. तो बुचकळ्यात पडून "बरी आहे" म्हणतो आणि कामाला लागतो. मौलाभाईंनी एवढ्या एका प्रश्नावर अख्खी दुपार काढली असती.