बाबांच्या लॅपटॉपमधली वंदना

बाबांचा लॅपटॉप चालू होत नाही, हे आईने मला पुण्यानुमोदनाच्या आठवड्यात सांगितलं. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. बेसातल्या आमच्या घरी मांडव, भन्तेजी, जेवण, सगळं ठरलं होतं, आणि आईची अट एकच होती: वंदना बाबांच्या आवाजात झाली पाहिजे. निवृत्त झाल्यापासून वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना तेच घेत. एका हिवाळ्यात त्यांनी ती सगळी लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवली होती. मोबाइलवर त्यांचा भरवसा नव्हता. मोबाइल हरवतो, म्हणायचे, लॅपटॉप कुठे जातो?

लॅपटॉप कुठेच गेला नव्हता. बैठकीत त्यांच्या टेबलावर होता, झाकण उघडं आणि पडदा काळा.

"काहून नाही होऊन राहिला वं?" आईने विचारलं. "होळीच्या टायमाले तर झाला होता."

"पाहते ना," मी म्हणाले.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. पण आमच्या घरी जो दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो तो इंजिनिअर. नातेवाइकांचे प्रिंटरसुद्धा माझ्याच गळ्यात पडतात आणि मी चिडचिड करत ते दुरुस्त करते.

चार्जर लावला, दिवा लागला नाही. दुसऱ्या सॉकेटात लावला. शेजाऱ्यांकडून तसलाच चार्जर मागून आणला, तरी नाही. मग बॅटरी काढून पॉवरचं बटण दाबून धरलं, कारण मोबाइलवरच्या एका व्हिडिओत तसं सांगितलं होतं. खालचं झाकण उघडून रॅम काढली, तिच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, परत बसवली. काही नाही. खरं सांगायचं तर मला ते काम बरं वाटत होतं. स्क्रू काढा, स्क्रू लावा. कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवत नव्हतं.

बाबा गेले तेव्हा मी रडले नाही. नंतरही नाही. मोठी धीराची आहे हो, असं बायका माझ्यासमोरच बोलत. धीर कसला आला होता? आत काही हलतच नव्हतं. मी दवाखान्याची कागदपत्रं केली, पाहुण्यांचा चहा केला, बाबांचे शर्ट घड्या करून देऊन टाकले. त्यांचा फोटो पाहिला की मला फ्रेमवरची धूळ दिसायची आणि मी फडकं आणायची. स्वतःची थोडी भीतीही वाटायची.

दुपारी आईने कूलर सुरू केला. मग टेबलाशी आली, मी उघडून ठेवलेला लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि कूलरच्या तोंडासमोर सरकवला. अगदी रोजच्या सवयीने.

"हे काय करून राहिली?"

"तापते तो. तुये बाबा कूलरसमोरच ठेवत. मी बी रोज ठेवते. झाकण लावलं का आतल्या आत गरम होते."

बंद लॅपटॉप तापत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. वाळ्याच्या टट्ट्यांचा ओला वारा त्याच्या पोटात शिरत होता. ती पदराने कीबोर्डवरची धूळ टिपत होती, जेवल्यावर लहान मुलाचं तोंड पुसावं तशी.

संध्याकाळी मी तो रामदासपेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने गालातला तंबाखूचा खर्रा एका बाजूला केला, बोर्ड काढला आणि दिव्याखाली धरला. त्यावर हिरवट पांढरा थर चढला होता.

"ताई, हा कूलरसमोर ठेवत होते का?"

"हो."

"कूलरची हवा म्हणजे पाणीच ना. सडला बोर्ड. कोण ठेवत होतं?"

"बाबा," मी म्हणाले. गेलेल्या माणसावर ढकललं की पुढचे प्रश्न येत नाहीत.

"हा नाही उठत आता. आतली डिस्क काढून पाहू. तिले काही झालं नसन तर नशीब."

त्याने डिस्क काढली, एका वायरीने स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी समोरच्या भिंतीवरच्या माउसच्या किमती वाचत उभी राहिले. मग फोल्डर उघडले. वीजबिलं, विहाराच्या बैठका, नातवाचे फोटो, आणि त्यात 'वंदना' नावाची फाइल.

मी आईला फोन लावला. "सापडली," म्हणाले.

"काय झालं होतं त्याले?"

"जुना झाला होता."

"मी कूलरपाशी ठेवत होती, त्यानं तर नाही ना झालं?"

"नाही वं. जुनाच होता."

मग म्हणाली, "आयकव मले."

मी मोबाइलचा आवाज मोठा करून तो कॉम्प्युटरच्या स्पीकरपाशी धरला आणि दुकानदाराने फाइल लावली. खाकरण्याचा आवाज आला. मग बाबांनी पहिली ओळ म्हटली, विहारात म्हणत तशी, शेवटचं अक्षर जरा लांबवून. आणि आवाज बंद पडला.

"अटकली वाटते," दुकानदार म्हणाला आणि त्याने माउसकडे हात नेला.

"थांबा," मी म्हणाले.

अडकली नव्हती. वंदना घेणारा एक ओळ म्हणतो, मग बाकीचे सगळे मागून म्हणतात. घरातल्या खोलीत एकटेच बसून रेकॉर्ड करताना बाबांनी प्रत्येक ओळीनंतर आमच्यापुरती जागा सोडली होती. मोबाइलमधून आईचा आवाज आला. ती मागून म्हणत होती, न रडता, स्पष्ट. बाबांनी दुसरी ओळ म्हटली. आईने ती म्हटली. बेसातल्या बैठकीतून ती आणि कुठूनसे बाबा, एकमेकांचं बोलणं न तोडता म्हणत होते.

तिसऱ्या ओळीनंतर आईचा आवाज आला नाही. रेंज गेली असेल, किंवा तिला पुढे म्हणवलं नसेल. ती जागा आता माझी होती, हे मला कळत होतं. ओळ मला लहानपणापासून पाठ होती. मी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. बाबा नेहमीइतके थांबले, आणि मी म्हटलं असं समजून पुढच्या ओळीवर गेले.