सूट उतरवणारे हानचो

हानचो कधी ओरडत नसत. लष्करातला माणूस आणि ओरडत नाही, हे माझ्या पुणेरी डोक्याला काही पटेना! जपानच्या उत्तरेला, होक्काइदोच्या बर्फात, उणे वीसमध्ये, ते जवानांना शिकवत: अंगावर विषारी रसायन पडलं असं समजा, एकमेकांना धुऊन काढा, रबरी सूट उतरवा. तुकडीप्रमुख, म्हणून सगळे त्यांना हानचो म्हणत. मी सेंदाईहून आमच्या कंपनीचं गरम पाण्याचं यंत्र घेऊन तिथे गेलो होतो. त्याचं सॉफ्टवेअर माझं.

कुणाचा सूट उतरवताना हानचोंचं तोंड मात्र अखंड चाले. "आता डावा हात. आता उजवा. गारठलात? सांगा, लाजू नका." एवढं कशाला बोलता, असं मी विचारलं, तर म्हणाले, "कुलकर्णी-सान, मास्कच्या आत माणूस फार एकटा असतो."

माझा आल्याचा चहा प्यायले की ठसका लागायचा. "हा पाजा सगळ्यांना, विषही पळून जाईल, सूटच नको!" म्हणत डोळे पुसायचे. मला फार आवडायचे ते.

आणि मी काय केलं? स्क्रीनवर चाळीस अंश दिसत, पण ते टाकीतल्या पाण्याचे. बर्फातून गेलेल्या लांब पाइपच्या टोकाला पाणी गारढोण. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. मॅनेजर म्हणाले, "डेमो होऊ दे, मग बघू." मी मान डोलावली. नोकरीची भीती, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी तुकडीतल्या सातो-सान नावाच्या मुलीने फवाऱ्याखाली हात धरले. स्क्रीनवरचा आकडा बघून हानचोंनी तिला पूर्ण तीन मिनिटं उभं केलं. तिचा हातमोजा शिवणीत गळका निघाला, गार पाणी आत साचलं. सगळा सूट उतरवून शेवटी तो काढला तेव्हा बोटं पांढरीफटक. पुढे दोन बोटांची टोकं कापावी लागली.

चौकशीत हानचो उभे राहिले, कमरेत वाकले. "पाणी मी हात लावून पाहिलं नाही. चूक माझी." मी त्याच खोलीत बसलो होतो. तोंडातून शब्द काढला नाही. त्यांना प्रशिक्षणावरून काढलं.

गेल्या हिवाळ्यात न राहवून त्यांच्या घरी गेलो, सगळं सांगितलं.

"मला वाटलंच होतं," हानचो म्हणाले.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"पाणी तपासणं माझं काम होतं. माझी चूक मी सांगितली. तुमची तुम्ही सांगायची." मग एका कागदावर सातो-सानचा पत्ता लिहून दिला. "पण मला सांगून काय उपयोग? बोटं तिची गेली."

ती आता सेंदाईतच असते, माझ्या घरापासून भुयारी रेल्वेने चार स्टेशनं. दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो. लाज वाटते सांगायला, पण दोन्ही वेळा बेल दाबायला बोट उचललं आणि तसाच परत फिरलो.