दोन्ही कोयऱ्या एकाच अंगाला

सन २०२३. माझं वय अडुसष्ट. शाळा तिसरीपर्यंत, त्यामुळे लिहिण्यात चुका होतील. डाय बनवण्यात कधी झाल्या नव्हत्या. चिंचणीत बऱ्याच घरांत हे काम चालतं. पोलादाच्या तुकड्यात छिन्नीने नक्षी कोरायची, मग सोनार तीवर पत्रा ठोकून दागिना उठवतो. पोलादात जे डावं ते दागिन्यात उजवं येतं, म्हणून सगळं उलटं कोरायचं. पन्नास वर्षं मला त्याचा विचार करावा लागला नाही. हातच करायचा.

उन्हाळ्यात कामाच्या खोलीचं शटर मी दुपारी अर्धं खाली ओढून ठेवतो. त्या दिवशी दारात पडलेली छिन्नी उचलली आणि ताठ उभा राहिलो, तो डोकं थेट शटरच्या पट्टीवर आपटलं. रक्त नाही, टाका नाही. डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि एकदा ओकलो, एवढंच. बायको आणि धाकटा भाऊ मला धरून बोईसरला घेऊन गेले. डोक्याचा फोटो काढला.

"मेंदूला हिसका बसलाय, बाबा," डॉक्टर म्हणाले. "ठोकाठोकी बंद, बारीक काम बंद. पडून राहायचं."

"फोटोत काय दिसलं?"

"काही नाही."

"मग झालं तर."

चौथ्या दिवशी मी कामाला बसलो.

पावसाळा निम्मा सरला तरी डोकं माझं नव्हतं. सकाळी बरं वाटायचं. तासभर भिंगातून पाहिलं की कपाळामागे दगड ठेवल्यासारखं व्हायचं. ट्यूबचा उजेड टोचायचा. झोपून उठलो तरी शीण तसाच. बोलता बोलता साधा शब्द हरवायचा, हातोडीला मी "ते, ते" म्हणायचो. पट्टी बांधलेली असती तर लोकांनी विचारलं असतं. ज्याला काही झालेलं दिसत नाही, त्याने दमलो म्हणायचं तरी कसं?

भाऊही डायवालाच. त्याचं घर भिंतीला भिंत लावून. एका दुपारी मी ओरडलो, "थांबव रे ती ठोकाठोक!"

पलीकडून तो म्हणाला, "दादा, मी जेवतोय. चमचा वाजला ताटात."

बायको हसली, मग म्हणाली, "अहो, ती कानातल्यांची जोडी भावजींना द्या ना करायला."

"का? मी मेलो काय?"

"मेला नाय. पण काल भाजी खारट म्हणून ताट सारलंत. मी मीठच टाकलं नव्हतं तिच्यात."

ते काम एका जुन्या सोनाराचं होतं, त्याच्या गिऱ्हाइकाकडे लग्न होतं. दोन कोयऱ्या, एक डाव्या कानाची, एक उजव्या. दोन्हींची टोकं समोरासमोर वळायला हवीत. मी शब्द दिला होता. आणि ज्या भावाला छिन्नी धरायला मी शिकवलं, त्याच्या हातचं काम माझं म्हणून कसं देऊ? बारा दिवस लागले. एरवी चार लागले असते.

बाराव्या दिवशी संध्याकाळी दोन्ही डायांवर मेण दाबलं, ठसे काढून पाटावर शेजारी ठेवले. पाहत राहिलो. बायकोने वाकून पाहिलं.

"छान झाल्यात की."

"एकाच कानाच्या झाल्यात," मी म्हणालो.

दोन्ही टोकं एकाच अंगाला वळलेली. उजवीच्या वेळी हाताला सुचलं नाही, म्हणून मी डोक्याने विचार केला, आणि डोक्याने उलट्याचं पुन्हा उलटं केलं. असली चूक शिकाऊ माणूस पहिल्या महिन्यात करतो. मला राग यायला हवा होता. तेवढीही ताकद नव्हती. बायकोने ट्यूब बंद केली आणि आम्ही दोघं तसेच बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही डाया, दोन्ही ठसे आणि पोलादाचा एक कोरा तुकडा फडक्यात बांधून मी भावाच्या दारात गेलो. तो चहा पीत होता.

"काय दादा, परत चमचा वाजला काय?"

मी फडकं त्याच्या पुढ्यात सोडलं. त्याने ठसे पाहिले आणि कप खाली ठेवला, अगदी हळू, आवाज न करता.

"डावी बरोबर हाय," मी म्हणालो. "उजवी तू कर. सोनाराला मी सांगतो, ती तुझ्या हातची हाय म्हणून."

"तुमी बसा ना इथं. चुकलो तर सांगाल."

"नाय चुकणार तू."

मी घरी आलो, शटर पार खालपर्यंत ओढलं, आणि आडवा झालो.