सामानाला जागा

आमच्या घरात "सगळे जाऊ" असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ एक सोडून सगळे, असा असतो. तो एक म्हणजे मी. लग्नांची वऱ्हाडं, अष्टविनायक, पुतण्याचा पदवीदान समारंभ, सगळीकडचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत आणि एकाही फोटोत मी नाही. पूर्वी गोठ्यात जनावरं होती म्हणून मी मागं राहायचो. नंतर जनावरं गेली आणि रोपं आली.

निमगाव केतकीच्या अलीकडं, रस्त्याला लागून माझी रोपवाटिका आहे. चार बांबू आणि एक हिरवी जाळी एवढ्यावर ती उभी केली. तिच्यात ना बापाच्या जमिनीचा तुकडा आहे, ना भावाच्या पगाराचा आधार. टोमॅटो, मिरची, कलिंगड, झेंडू, ज्याला जे लागेल ते रोप आम्ही करून देतो. गिऱ्हाईक रोपामागं पाच पैशासाठी तासभर घासाघीस करतं, आणि मी त्याच्यापेक्षा अर्धा तास जास्त करतो. धंदा चांगला आहे, पण तो माणसाला बांधून ठेवतो. ट्रेच्या एकेका खणात चिमूटभर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यात पाणी धरून धरून किती धरणार? एक दुपार चुकली की रोपं माना टाकतात, आणि मग संध्याकाळी सगळी टाकी ओतली तरी उठत नाहीत. त्यामुळं मी मागं राहतो हे घरात सगळ्यांच्या पचनी पडलेलं आहे.

माझा थोरला भाऊ, दादा, बारामतीच्या कॉलेजात शिकवायचा. आता निवृत्त झालाय आणि वेळ जात नाही म्हणून बेत आखत असतो. गेल्या दिवाळीत पाडव्याच्या जेवणावर त्यानं जाहीर केलं की आपण कोकणात जायचं, एकाच गाडीतून, चार पिढ्या एकत्र. आमचे वडील, आबा, नव्वदीला टेकलेत आणि त्यांची पणती अजून रांगते. जाताना कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरायचा, गुहागर, गणपतीपुळे करायचं आणि आंबा घाटानं वर यायचं. दादानं बोटांवर माणसं मोजली. माझ्याकडं बघून म्हणाला, "तू आणि तुझी मंडळी," आणि दोन बोटं मिटली. एकूण सतरा झाले.

ती दोन मिटलेली बोटं मी नीट बघून ठेवली. मला समुद्राचं फार कौतुक नव्हतं. वाशीच्या मार्केटला माल घेऊन जायचो तेव्हा पुलावरून खाडीचं काळं पाणी पाहिलेलं आहे, त्यालाच समुद्र म्हणायचा तर म्हणा. मला फक्त गाडी हलेल तेव्हा आत बसलेलं असायचं होतं. बाहेर उभं राहून हात हलवायचा नव्हता.

गाडी आणि राहण्याची सोय माझ्याकडं आली. का, तर म्हणे तुझ्या तोंडाला कोण लागणार. व्हॉट्सअॅपवर 'कोकण' नावाचा ग्रुप झाला आणि त्यावर बाकीचे लोक नारळाच्या झाडांचे फोटो टाकत बसले. मी बारामतीतल्या ट्रॅव्हल्सवाल्याच्या अंगणात जाऊन बसलो. त्यानं भाव सांगितला. मी काही बोललो नाही. उठलो, टायरवर हात फिरवला, स्टेपनी बघितली, सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसलो आणि एसी लावायला सांगितला. वारा तिथपर्यंत येत नव्हता. तरी मी बोललो नाही. भाव करायचा असेल तर गप्प बसायला यावं लागतं. समोरच्याला शांतता सोसत नाही, तो आपल्याच तोंडानं खाली उतरतो. तोही उतरला. वर ड्रायव्हरचं जेवणखाण त्याच्याकडं आणि एसी दुरुस्त करून द्यायचा, असं ठरलं. सतरा सीटची गाडी.

गुहागरच्या घरमालकाशी मात्र वेगळं झालं. कोकणातला माणूस भाव कमी करत नाही, फोन ठेवतो. तीनदा ठेवला. चौथ्यांदा मी त्याच्या नारळाच्या रोपांची चौकशी केली आणि मग आमचं जमलं. भाव तोच राहिला, पण ताजी मासळी आणि जादा चार गाद्या कबूल करून घेतल्या. मासळीवरूनही घरात महाभारत झालं. वहिनींचा गुरुवार, पुतण्याच्या बायकोचा शनिवार, माझ्या बायकोची चतुर्थी. समुद्राकाठी राहायचं आणि बटाट्याची भाजी खायची, असं होऊ नये म्हणून मी वारांची जुळवाजुळव करून निघायचा दिवस ठरवला. तेवढं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

माझीही तयारी चालली होती. त्या आठवड्यात नाजूक रोप अंगावर राहू नये म्हणून पेरा मागंपुढं केला. कलिंगडाचं एक चांगलं गिऱ्हाईक परत पाठवलं, जे मी जन्मात केलं नव्हतं. बायकोच्या भावाला बोलावून पाइप कसा धरायचा, किती वेळ धरायचा, हे त्याच्याकडून दोन दिवस गिरवून घेतलं. बायको बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "तुमी खरंच येनार व्हय?" मी म्हणालो, येनार. ती बाजारातून माझ्यासाठी अर्ध्या बाह्यांचे दोन शर्ट घेऊन आली.

निघायच्या आधीच्या रविवारी दादाच्या बंगल्यावर शेवटची बैठक झाली, आणि तिथं मला व्याह्यांचं समजलं.

पुतणीचं, म्हणजे दादाच्या मुलीचं, लग्न नुकतंच ठरलं होतं. होणारे व्याही इंदापूरचे. वहिनी त्यांच्याशी फोनवर बोलताना म्हणून गेल्या, तुम्ही पण चला की आमच्याबरोबर. असं म्हणायचंच असतं. आणि समोरच्यानं "नको, पुढच्या खेपेला नक्की" म्हणायचं असतं. दोन्हीकडच्यांना हे माहीत असतं, म्हणून तर सोयरिकी टिकतात. पण हे व्याही रेल्वेतून निवृत्त झालेले, जन्मभर फुकट पासावर फिरलेले. त्यांनी विचारलं, किती वाजता निघायचं? जोडीनं येणार होते. आता त्यांना नाही कोण म्हणणार?

दोन सीट हव्या होत्या. एक लगेच निघाली, नातवाला मांडीवर घ्यायचं ठरलं. दुसरीबद्दल कुणी काही बोललं नाही. बोललं ते माझ्या रोपांबद्दल. पुतण्या म्हणाला, काका, तुमच्यासारखी मिरचीची रोपं जिल्ह्यात नाहीत. वहिनी म्हणाल्या, भावजींचा हातच लागतो, दुसऱ्याच्या हातानं ती जगत नाहीत. दादानं मान डोलावली आणि म्हणाला, "मेव्हण्यावर टाकून यायचं म्हणजे तुझा जीव तिकडंच अडकणार."

बाजारात खरं गिऱ्हाईक मालाला नावं ठेवतं. पानं पिवळी आहेत म्हणतं, मूळ धरलेलं नाही म्हणतं. जो तोंड भरून कौतुक करतो त्याला माल फुकट पाहिजे असतो. इतक्या वर्षांत याला अपवाद मी पाहिलेला नाही. दादाच्या त्या दिवाणखान्यात सोफ्यावर बसून मला किळस आली. त्या गोड बोलण्याची, त्या काचेच्या टीपॉयची, बशीतल्या काजूंची. एकानंही तोंडानं म्हटलं असतं की बाबा, तू राहा, तर मी भांडलो असतो, चार शिव्या दिल्या असत्या आणि कदाचित राहिलोही असतो. पण त्यांना मागायचंही नव्हतं.

मी गप्प बसलो. कुणीतरी म्हणेल, मोठी गाडी करू. म्हणेल, सरकून बसू. म्हणेल, मग याचं काय? मी वाट बघत राहिलो. ट्रॅव्हल्सवाला जेवढ्या वेळात उतरला त्याच्या दुप्पट वेळ मी गप्प होतो. घरातल्यांना ती शांतता छान सोसली. वहिनींनी चहा आणला, पुतण्यानं फोनवर घाटाचा रस्ता दाखवला, आणि दादा मला म्हणाला, "मग गाडी सहाला दारात लावायला सांग."

परत येताना पिकअपमध्ये बायको म्हणाली, तोंड उघडायचं होतं. मी म्हणालो, मी काय भीक मागू? ती म्हणाली, "भाव करताना मागता, तसं मागायचं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मी न्हाय थांबनार. मला बगायचाय समुद्र." मी म्हणालो, जा. त्याच संध्याकाळी मेव्हण्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. कारण त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी बायकोला सोडायला मी बारामतीला गेलो. दादाच्या दारात गाडी उभी होती. एसी दुरुस्त केलाय का, ते मी आधी मागच्या बाकावर चढून बघितलं. केला होता. आबांना पुढं ड्रायव्हरजवळ बसवलं, त्यांच्या पाठीला उशी लावली. पोरं खिडक्यांसाठी भांडत होती. मग रिक्षातून व्याही उतरले, एकटेच. विहीणबाईंना घाट लागतो, उलट्या होतात, म्हणून त्या ऐन वेळी राहिल्या होत्या.

सगळे बसले आणि एक सीट रिकामी राहिली. माझ्या बायकोच्या शेजारची.

मी दरवाजाला हात लावून उभा होतो. ती सीट मला दिसत होती तशी सगळ्यांना दिसत होती. मेव्हणा मोटरसायकलवर तासाभरात निमगावला पोचला असता. माझ्या अंगावर कामाचे कपडे होते, पण त्याला काय, शर्ट बायकोच्या बॅगेत होते. ते तिनं आदल्या दिवशी भरले होते, मला न विचारता. ती माझ्याकडं बघत होती. मी दादाकडं बघत होतो.

दादा मागं वळून म्हणाला, "बरं झालं. सामानाला जागा झाली."

चकल्यांचा डबा, आबांचं ब्लँकेट, व्याह्यांची सूटकेस, सगळं त्या सीटवर आलं. सूटकेस घसरत होती. मीच आत वाकून ती नीट टेकवली. बायकोनं माझ्याकडं बघायचं सोडून खिडकीबाहेर तोंड केलं. दरवाजा मी लावला, आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत पोरं हात हलवत होती. मी हलवला नाही.

सगळे परत आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी आमसुलं, काजू आणि एक शंख आणला होता. बायको फार बोलली नाही. व्याही घोरतात, एवढं मात्र सांगितलं. तो शंख मी खताच्या रिकाम्या गोणीत टाकून दिला.

हे सगळं गिळून मी गप्प राहिलो असतो. पण परवा दादाकडं पुन्हा बैठक झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आधी महाबळेश्वर, मग खाली उतरून तारकर्ली. दादा म्हणाला, गाडीचं तू बघतोस ना? मी म्हणालो, न्हाय. का, म्हणून दादानं विचारलं. मी रिकाम्या सीटचं सांगितलं, सूटकेसचं सांगितलं. आवाज चढला होता, ते मान्य आहे. आतल्या खोलीतलं पोर रडायला लागलं.

दादाला खरोखर आश्चर्य वाटलं. म्हणाला, "अरे, तू एक शब्द बोलला असतास तर तुला टाकून गेलो असतो व्हय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनींना तर वाईट वाटलेलं दिसलं. म्हणजे आता ती चूकही माझ्याच गळ्यात.

"मग आता बोलतो," मी म्हणालो. "मला न्या. आनि दादा, तू थांब रोपांजवळ."

दादा हसला. मी हसत नाही हे बघून म्हणाला, "मला रोपांतलं काय कळतंय?"

"शिकवतो की. पाइप धरायला डिग्री लागत न्हाय."

यावर आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. पुतणी पाणी आणायला धावली. ठसका थांबल्यावर वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, यांना ऊन सोसत नाही हो."

"मला सोसतंय, हे तुमाला कुनी सांगितलं?"

या वेळची शांतता कुणालाच सोसली नाही. दादा चष्मा पुसत बसला. मी चहा न घेता निघालो.

दुसऱ्या दिवशी पुतण्याचा ग्रुपवर निरोप आला. पोरांच्या परीक्षांमुळं यंदा जमेल असं वाटत नाही, पुढच्या वर्षी बघू. त्याखाली सगळ्यांनी हात जोडले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कसल्या परीक्षा असतात ते मला माहीत नाही, मी दहावीपर्यंतच शिकलोय. मी खाली अंगठा टाकला.

बायकोनं माझ्या हातातला फोन घेऊन तो निरोप वाचला. "म्हंजी आता कुनीच न्हाय जायचं?"

"व्हय," मी म्हणालो.

तिनं फोन परत दिला आणि आत गेली. दुपारचं पाणी द्यायचं राहिलं होतं, ते मी द्यायला लागलो.